पाहुण्यांचा हंडा

३० मार्च, रविवार. गुढीपाडवा

आजपासून रोजनिशी. दरवर्षी पाडव्याला सुरू करतो, पण या वर्षीची गोष्ट वेगळी. या वर्षी विषय आहे.

गावच्या पाणी समितीचा मी अध्यक्ष झालो. बिनविरोध. दुसरं कोणी उभंच राहिलं नाही, एवढा विश्वास. शहाद्याच्या हायस्कूलच्या लॅबमध्ये उभी नोकरी काढलेला माणूस गावात दुसरा आहे कोण? हुद्दा परिचर होता, पण तो कागदावर. सायन्सचे सर आले आणि गेले, मी तिथंच होतो. लॅब म्हणजे मीच.

प्रश्न असा. गावात दोन पाणी. एक नळाचं, म्हणजे बोअरचं, टाकीतून दिवसाआड येतं. दुसरं तापीकाठच्या जुन्या विहिरीचं, बायका त्याला नदीचंच म्हणतात. तिच्यावर एक छोटी मोटर आहे, ती घाटाच्या वर तोट्यांना पाणी देते. बायकांचं म्हणणं, नळाचं पाणी जड आहे. साबणाला फेस येत नाही, डाळ शिजत नाही, भांड्यांवर पांढरा थर धरतो. म्हणून सगळ्या घाटावर. सरपंच हिलालआबा म्हणतात, दोन मोटरी सांभाळणं पंचायतीला जमत नाही. नळाचं पाणी तपासणीत पास झालं तर विहिरीची मोटर बंद.

माझं मत स्पष्ट आहे. हा सवयीचा भाग आहे. मी स्वतः घरी नळाचंच पाणी पितो, स्वयंपाकघरातल्या पितळी हंड्यातलं. टाकी झाली तेव्हापासून पितोय. गोड आहे. बायकोला, कोकिळेला, तसं म्हटलंही, तर ही काही बोलली नाही. पटलं असावं.

संकल्प: पाण्याचा प्रश्न सायंटिफिक पद्धतीने कायमचा मिटवणे. तसंच पहाटे उठणे, चहा निम्मा करणे.

३ एप्रिल, गुरुवार

तालुक्याहून सॅम्पलची बाटली आली. मागोमाग अन्वर आला. अन्वर म्हणजे पंचायतीचा पाणी सोडणारा. सॅम्पल भरण्याचं कामही खरं तर त्याच्याकडेच. म्हणाला, "नाना, द्या ती बाटली, सकायले नळ सोडसू तवय भरी लेसू." त्याला शांतपणे समजावलं की हे व्हॉल्व्ह फिरवण्याइतकं सोपं नाही. बाटली माझ्याकडेच ठेवली. चहा चार वेळा झाला, पण कामाचा ताण होता.

४ एप्रिल, शुक्रवार. दुपार

पहाटे उठायचं होतं. गजर वाजला असावा, कारण शेजारच्या रशिदाने, म्हणजे अन्वरच्या बायकोने, तो ऐकला असं ती म्हणते. मी उठलो तेव्हा नळ येऊन गेला होता. आता पाणी परवा, आणि बाटली नेणारा माणूस आज दुपारीच निघणार. टाकीवर जावं तर उन्हात डांबर मऊ झालेलं, चप्पल चिकटते.

विचार केला. नळाचं पाणी नळाखाली धरलं काय आणि हंड्यातून घेतलं काय, पाणी तेच. उलट हंड्यातलं निवळलेलं असतं, सॅम्पलला बरं. हंड्यात तांब्या बुडवणार एवढ्यात ही आली. म्हणाली, "कसाले?" म्हटलं, सरकारकडे पाठवायचंय. हिने बाटली माझ्या हातून घेतली, दोनदा विसळली, स्वतः भरली, झाकण घट्ट लावलं आणि पदराने पुसून दिली. इतकं नीट की मलाही कौतुक वाटलं. संसारात राहून थोडं सायन्स तिच्यातही उतरलेलं दिसतं.

१२ एप्रिल, शनिवार

रिपोर्ट आला! कठीणपणा, क्षार, सगळं मर्यादेत. खाली शेरा: पिण्यास योग्य.

हिलालआबांनी संध्याकाळीच मारुतीच्या मंदिरासमोर बैठक बोलावली. मी बोललो. पाच-दहा मिनिटंच बोललो असेन, पण अन्वर म्हणतो की मधे एकदा लाइट जाऊन आली. मी सांगितलं की डाळ शिजत नसेल तर दोष डाळीत बघा, पाण्यात नको. टाळ्या पडल्या. बायका वाजवत नव्हत्या, पण त्यांच्या मांडीवर पोरं होती. घाटाला लागून राहणारी मंगळीबाई म्हणाली, "नाना, मंग आते दाय त्या कागदवरच शिजाडू का?" सगळे हसले. खेळीमेळीचं वातावरण होतं.

ठराव झाला. विहिरीची मोटर काढायची.

घरी येऊन हिला सांगितलं. हिचा हात पोळपाटावर तसाच थांबला. म्हणाली, "पानी पास व्हयनं तरी मोटर बंद?" म्हटलं, पास झालं म्हणूनच बंद. ही माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. अभिमान वाटला की माणसाला बोलता येत नाही.

१९ एप्रिल, शनिवार

अन्वरने मोटर काढली. मी हजर होतो. फोटो काढायला मोबाइल दिला तर त्याने मोटरीचाच काढला. असो.

संध्याकाळी पारावर गेलो. मी गेल्यावर दोन-तीन जण उठून गेले. जागा करून दिली.

२३ एप्रिल, बुधवार

कोकिळा ऐकत नाही. पहाटे अंधारात उठून घाट उतरते, विहिरीत दोर सोडून पाणी ओढते आणि डोक्यावर हंडा घेऊन पायऱ्या चढते. सगळ्याच बायका जातात. मोटर होती तेव्हा पाणी वरती यायचं, आता बायका खाली जातात. डाळीपुरतं आणते असं मी धरून चाललोय. हिचा डावा गुडघा सुजला आहे. मी समजावलं की दारात नळ असताना हा हट्ट कशाला, गुडघा पाण्यामुळे नाही, हट्टामुळे दुखतो. "तुम्हनं चालू द्या," एवढंच म्हणाली.

संकल्प: शहाद्याहून गुडघ्याला चोळायचं तेल आणणे.

२६ एप्रिल, शनिवार

शहाद्याला जाऊन आलो. तेल राहिलं. खरबूज चांगलं मिळालं.

२७ एप्रिल, रविवार

पहाटे डासांनी जाग आली. उठून स्वयंपाकघरात गेलो तर ही डोक्यावरचा हंडा उतरवत होती आणि ते पाणी फडक्याने गाळून पितळी हंड्यात ओतत होती. माझ्या हंड्यात. मी म्हटलं, अगं, हा नळाचा हंडा. ही म्हणाली, "हाऊ? हाऊ नदीना शे. पहिलापासून. नळनं त्या मडकामा शे." मोरीजवळ एक काळं मडकं आहे खरं. धुण्याभांड्याचं असेल म्हणून मी कधी त्यात डोकावलो नाही.

मी खाली बसलो.

म्हणजे मी जे गोड पाणी पीत होतो ते विहिरीचं. म्हणजे बाटलीत गेलं तेही.

सकाळी ९. घाम येतोय. उन्हाळा आहे.

सकाळी १०. म्हणजे तालुक्याने पास केली ती विहीर, आणि मी बंद केली तीही विहीरच. असं कोणाचं झालं असेल का? झालंच असेल. मोठ्या लॅबमध्येही होतं.

एक वाक्य सांगितलं की मिटतं: बाटली मी घरच्या हंड्यातून भरली. एवढंच. मोटर परत बसेल, बायकांचे पाय वाचतील. उद्या सकाळी हिलालआबांच्या घरी जाऊन सांगणे. उद्या म्हणजे उद्याच.

२८ एप्रिल, सोमवार

गेलो होतो. हिलालआबा दाराकडे पाठ करून दाढी करत होते. दाढी करणाऱ्या माणसाला मागून हाक मारणं धोक्याचं. परत आलो.

२९ एप्रिल, मंगळवार

उद्या आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. सणाच्या आदल्या दिवशी कोणाच्या डोक्याला ताप देऊ नये. सणानंतर सांगणे.

हिच्या गुडघ्यावर एरंडाचं पान बांधलं आहे. मी बांधून देतो म्हटलं तर म्हणाली, बांधलं.

३० एप्रिल, बुधवार. आखाजी

लिहावंसं वाटत नाही. तरी लिहितो, कारण संकल्प आहे.

छाया आणि जावई काल रात्री सुरतेहून आले. लेकी आखाजीला माहेरी येतात त्या झोके खेळायला आणि आयतं खायला. हिचा गुडघा आज पहाटे वाकेनाच, त्यामुळे घाट राहिला. पितळी हंड्यात तळाला थोडं होतं ते पाहुण्यांना प्यायला.

आधी घागरीवरून झालं. पितरांची घागर भरायची तर पाणी कोणतं? मी म्हटलं, नळाचं भर, पास झालेलं आहे. ही म्हणाली, "तुम्हना बापले खारं पानी पाजशात का?" घागरीत हंड्यातलं गेलं, आणि पुरणाची डाळ नळाच्या पाण्यात चढली.

डाळ शिजली नाही. कुकरच्या शिट्ट्या झाल्या, परत झाल्या, डाळ दाण्यासारखी टणक. मग पातेल्यात घातली, दुपार झाली. गल्लीतल्या सगळ्या घरांतून शिट्ट्या ऐकू येत होत्या. एका घरातली थांबली की दुसऱ्या घरातली सुरू. मी ओट्यावर पेपर वाचत बसलो. पेपर कालचा होता. बायका दारातून बाहेर बघायच्या, आणि ओट्यावर मी.

मांडे फाटले. पुरण दाताखाली कचकच लागत होतं. जावई चावत चावत म्हणाले, "छान आहे." भला माणूस आहे.

जेवण अर्धं सोडून छाया उठली. हंडा घेतला आणि भर उन्हात घाट उतरली. माहेरवाशीण. आखाजीच्या दिवशी. कडुनिंबाला बांधलेला झोका रिकामाच हलत होता. ती परत आली तेव्हा तोंड लाल झालेलं, आणि मला म्हणते, "पप्पा, तुम्ही जेवला ना?"

मला लाज वाटली. दुसरा शब्द शोधत होतो, सापडला नाही.

१ मे, गुरुवार

आज ग्रामसभा. याहून चांगली संधी नाही. वाक्य पाठ करून गेलो. मी उभा राहिलो तर सगळं गाव शांत झालं. ही मागच्या ओळीत पाय लांब करून बसली होती. मी म्हटलं, "मित्रहो, एक गोष्ट सांगायची आहे." आणि मग महाराष्ट्र दिनाच्या शुभेच्छा दिल्या.

टाळ्या पडल्या. यावेळी त्या टोचल्या.

छाया आज गेली. जाताना आईला म्हणत होती, सुरतेला चल, तिथं लिफ्ट आहे.

५ मे, सोमवार

सांगितलं! हिलालआबांना सांगितलं. मन मोकळं झालं.

सांगितलं ते असं: "आबा, त्या सॅम्पलिंगमध्ये टेक्निकल बाजूने थोडी तफावत संभवते." बाटली, हंडा हे तपशील मुद्दाम टाळले. माणसं गोंधळतात. हिलालआबांनी मिशी चोळली. म्हणाले, "म्हंजे काय व्हयनं, नाना?" म्हटलं, पुन्हा तपासून घेतलेलं बरं. ते म्हणाले, तालुक्याच्या मॅडमला बोलावू, ती स्वतः येऊन पाणी नेईल.

हे उत्तम झालं. मॅडम नळाचं पाणी नेणार, ते नापास होणार, मोटर परत बसणार, आणि माझं वाक्य माझ्यापाशीच राहणार. कोणाचंही नुकसान नाही. थोडं डोकं लावलं की मार्ग निघतो.

तेल अजून राहिलंच आहे.

१३ मे, मंगळवार

उद्या मॅडम येणार. संध्याकाळी पंचायतीच्या भोंग्यावरून मी स्वतः घोषणा केली: "उद्या तालुक्याहून मॅडम येत आहेत. घरोघर येतील. प्रत्येकाने घरात पाणी भरून ठेवावं. गावाची शोभा राहील असं वागावं." फेरतपासणी आहे हे सांगितलं नाही. फेर का, असं कोणी विचारलं असतं तर पुन्हा ते वाक्य आलं असतं.

भाषण आटोपशीर झालं.

१४ मे, बुधवार

मॅडमचं नाव लिडिया. नवापूरकडची मुलगी, छायापेक्षाही लहान. बसस्टँडपासून उन्हात चालत आली, खांद्याला बाटल्यांची पेटी. मला काका म्हणाली.

आज नळाचा दिवस होता, पण बोअरची मोटर सकाळीच जळाली. अन्वर तिकडे अडकला, टाकी कोरडी. लिडिया म्हणाली, "हरकत नाही काका, घरात साठवलेलं नळाचं पाणी असेल ना? पाच घरांतलं घेते." म्हटलं, भरपूर आहे, सगळ्यांना सांगून ठेवलंय.

पहिलं घर रशिदाचं. रशिदाने खाट टाकली, पंख्याने वारा घातला, लख्ख पेल्यात पाणी दिलं. लिडिया घटाघट प्यायली. मग विचारलं, हे नळाचंच ना? रशिदाने माझ्याकडे पाहिलं आणि डोळ्यानेच खूण केली, काळजी करू नका म्हणून. "हो मॅडम, नळनंच." बाटली भरली.

मला आधी कळलंच नाही. मग तिच्या दारात ओला दोर दिसला, वेटोळं करून ठेवलेला.

दुसरं घर मंगळीबाईचं. तिथंही ओला दोर. तिसऱ्या घरीही. पहाटे काळोखात आज घाटावर गर्दी होती ती यासाठी. भोंग्यावरून सांगितलं, पाहुणी येतेय, शोभा राखा. म्हणून सगळ्या घरांनी पाहुणीसाठी नदी गाठली होती. या गावात पाहुण्याला नळाचं पाणी देत नाहीत. ग्रामसेवक येवो, डॉक्टर येवो, मत मागायला कोणी येवो, पेल्यात विहिरीचंच पडतं, आणि येणारा म्हणतो, पाणी तर छान आहे तुमचं. हे मला माहीत असायला हवं होतं. मी इथंच जन्मलो.

प्रत्येक घरात मी तोंड उघडलं. प्रत्येक घरात बाईने मला डोळ्याने धीर दिला.

शेवटचं घर आमचं. ही लंगडत आली, पितळी हंड्यातून बाटली भरली, झाकण लावलं आणि पदराने पुसली. आज तिचा पाय जमिनीला टेकत नव्हता, तरी हंडा भरलेला होता. कधी गेली असेल? लिडिया पेला खाली ठेवत म्हणाली, "पाणी खरंच गोड आहे हो काका."

मी म्हटलं, "हो."

एवढंच म्हटलं.

१५ मे, गुरुवार

पित्त झालं. काही लिहीत नाही.

२६ मे, सोमवार

रिपोर्ट आला. पाचही बाटल्या पास. शेरा पहिल्याहून चांगला.

हिलालआबा खुशीत. नाना, तुमचा उगाच संशय, म्हणाले. आणि आता बायका दोर टाकताना कोणी पडायला नको म्हणून परवा विहिरीच्या तोंडावर जाळी ठोकून कुलूप लावणार आहेत. तशी सूचना माझीच. बैठकीतल्या पाऊण तासाच्या भाषणाच्या भरात कधीतरी केली होती म्हणे. इतिवृत्तात आहे.

म्हणजे परवापासून दोरानेही नाही.

संकल्प वगैरे काही नाही.

२७ मे, मंगळवार. सकाळी ७

काल झोप लागली नाही. पहाटे ही उठली, एका हाताने भिंत धरून चप्पल घातली आणि हंडा घेऊन गेली. मी अंथरुणात डोळे मिटून होतो. दार लागल्याचा आवाज आला. मग उठलो आणि मागे गेलो.

घाटावर सगळ्या होत्या. ही मधल्या पायरीवर बसून गुडघा दाबत होती. मंगळीबाईचा दोर विहिरीत होता. मला बघून मंगळीबाईने डोक्यावर पदर ओढला. पुरुष माणूस पहाटे घाटावर येत नाही.

मी सांगितलं. आज शुभेच्छा नाहीत, टेक्निकल नाही. म्हटलं, ती पहिली बाटली मी नळाखाली भरलीच नाही. झोपून राहिलो होतो. घरच्या हंड्यातून भरली. हंडा नदीचा आहे हे मला माहीत नव्हतं. तुमची मोटर माझ्यामुळे गेली.

दोर ओढायचा थांबला. मग मंगळीबाई म्हणाली, "म्हंजे नाना, तुम्ही मुद्दाम नही करं?"

मुद्दाम म्हणजे?

मग एकेक कळत गेलं. बाटलीत विहिरीचं पाणी गेलं हे सगळ्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. हिनेच सांगितलं होतं. पण सगळ्यांची समजूत अशी की नानाने गावाच्या नावासाठी मुद्दाम केलं, बाहेर गावाची अब्रू जायला नको म्हणून. मोटर गेली तेव्हा शिव्या दिल्या त्यांनी, रशिदाने कबूलच केलं, पण बोभाटा केला नाही. आणि लिडिया आली तेव्हा नानाचं खोटं उघडं पडायला नको म्हणून सगळ्यांनी पाण्याने सांभाळून घेतलं. ही सगळ्यांना म्हणायची, "मान्सं खोटं करतंस, पन गावसाठे करं त्यासनी."

मी हिच्याकडे पाहिलं. हिने मान खाली घातली होती. म्हणाली, "माले वाटनं, सरकार बी पाव्हनाच शे. पाव्हनाले कोनी खारं पानी देस का? तुम्हले बी तेच समजेल असं वाटनं."

म्हणजे इतके दिवस गाव मला लबाड समजत होतं. आता मूर्ख समजतं. लबाड बरं होतं.

रशिदाला हसू आलं, तिने पदर तोंडात धरला. मग मंगळीबाई हसली. मग सगळ्याच. ही नाही हसली. तेच सगळ्यात वाईट वाटलं.

हंडा मी उचलला. डोक्यावर जमेना, खांद्यावर घेतला. घरी पोचेपर्यंत अर्धा माझ्या अंगावर.

२७ मे, दुपार

हिलालआबांना तेच वाक्य सांगितलं, पूर्ण. ते ऐकून त्यांनी आधी पाण्याचा पेला मागितला. जाळी थांबवली. मोटरीचं मात्र ठरावाने झालं, ठरावानेच फिरेल, म्हणजे पुढच्या ग्रामसभेत, पंधरा ऑगस्टला. तोवर दोर. आणि ठराव मांडायचा मीच, सगळ्यांसमोर, काय झालं ते सांगून. आबा म्हणाले, "भाषन छोटं करा."

लिडियाला फोन केला. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "काका, मग मी तिथे प्यायले ते?" म्हटलं, ते पाहुण्यांचं. म्हणाली, बरं होतं हो.

२८ मे, बुधवार

पहाटे घाट. दोन हंडे. डॉक्टर चालायला सांगतातच, त्यामुळे माझ्या तब्येतीला उलट बरं. बायका बाजूला होऊन वाट देतात आणि मी गेलो की हसतात. ऐकू येतं.

घरी आलो तर ही मोरीजवळ उकिडवी बसायचा प्रयत्न करत होती, त्या काळ्या मडक्याशी. मडक्यातून पेला भरला आणि प्यायली. मी म्हटलं, अगं, ते नळाचं. पितळीत आहे की.

ही म्हणाली, "तो तुम्हले नि येनारजानारले. मन्हं हाईवर भागस. दोन मान्सनं पानी डोकावर कोन आनी?"

कधीपासून? टाकी झाली तेव्हापासून. त्याआधी मोटर नव्हती तेव्हाही असंच, एक हंडा नदीचा, बाकी जे मिळेल ते. छाया लहान होती तेव्हा छायाला आणि मला. आता मला. मी रोज तिच्यासमोर तो पेला वर करून म्हणायचो, गोड आहे, उगाच ओरडता तुम्ही. ही ऐकून घ्यायची आणि मडक्यातलं प्यायची.

मी तिच्या हातून पेला घेतला आणि उरलेलं प्यायलो. खारट, तुरट, जिभेवर खडूसारखं राहिलं. गिळायला वेळ लागला. तिला म्हटलं, हे कसं पितेस? म्हणाली, सवय झाली.

३० मार्चला मीच लिहिलं आहे, हा सवयीचा भाग आहे म्हणून. ते पान आत्ता उघडून पाहिलं आणि मिटलं.

तेल आणलं. अन्वर शहाद्याला गेला होता, त्याला सांगितलं, तो घेऊन आला.

२९ मे, गुरुवार

तीन हंडे. तिसरा तिचा. ती म्हणते, सांडू नका, थोडं तरी घरी आणा.